भांड्यांचें यंत्र आणि त्याचा रुसवा

एकत्र कुटुंबांत कलह कोणत्या कारणावरून उत्पन्न होईल याचा नेम नाहीं. इस्टेटीवरून भांडणारीं कुटुंबें कोर्टाची पायरी चढतात, म्हणून तीं जगाच्या नजरेस येतात. परंतु खरकट्या भांड्यांवरून जें कांहीं धुमसत असतें, तें मोरीच्या चार भिंतींबाहेर सहसा जात नाहीं. जेवणाची पंगत उठली कीं ताटें, वाट्या, पातेलीं, पळ्या, डाव यांचा जो ढीग मागें उरतो, तो कोणीं उपसावा, या प्रश्नाचें उत्तर आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या न बोलतांच दिलें गेलें होतें. तें उत्तर सर्वांस मान्य आहे काय, हें मात्र कोणीं कधीं विचारलें नव्हतें.

२०२० सालच्या मार्च महिन्याच्या २५ तारखेपासून सारा देश घरांत बसला. कामाला येणाऱ्या बाईंचें येणें बंद झालें आणि तो झांकलेला प्रश्न एकदम उघडा पडला. आमच्या पुण्यांतील बिऱ्हाडांत त्या वेळीं लहानमोठीं मिळून नऊ माणसें होतीं. शहरांतील पुष्कळ कुटुंबांनीं भांडीं धुण्याचें यंत्र, ज्यास सर्वजण डिशवॉशर म्हणतात, तें त्या वर्षीं विकत घेतलें, आम्हींही घेतलें. आमच्या मोठ्या काकूंनीं पहिल्या दिवशीं यंत्रांत डोकावून पाहिलें आणि “राख नाहीं, शेंडी नाहीं, घांसायला हात नाहीं, मग हें धुणार तरी कसं?” एवढेंच विचारलें. महिना लोटला नाहीं तोंच त्याच काकू रात्रीं नऊ वाजतां “यंत्र लावलंत का रे?” अशी आठवण करूं लागल्या.

तें यंत्र एका भाद्रपदांत, गौरी-आवाहनाच्या रात्रीं, रुसून बसलें. अर्ध्यावर थांबलें तें थांबलेंच. दार उघडून पाहतों तों तळाशीं तीन बोटें गढूळ पाणी सांचलेलें, भांड्यांवर तेलकट थर आणि आंतून आमटीचा आंबूस वास. दुसरे दिवशीं गौरीजेवणास तीस पानें व्हावयाचीं होतीं.

बाहेरच्या खोलींत पुरुषमंडळींची सभा भरली. दादा म्हणाले, “यंत्राचं आयुष्य संपलं, मोडींत काढावं आणि नवं घ्यावं.” पुतण्यानें दुरुस्तीच्या केंद्रास दूरध्वनि केला, पलीकडच्या गृहस्थांनीं यंत्र न पाहतांच, पंप गेला असावा, तो बदलावा लागेल आणि माणूस आठ दिवसांनीं येईल, असें निदान सांगून टाकलें. आम्हीं तर सर्वांवर ताण केली. “घरांतल्या बायकांना यंत्र वापरण्याची शिस्तच नाहीं,” असा निकाल आम्हीं मोठ्यानें दिला. या वाक्याची किंमत आम्हांस पुढें मोजावी लागली. ती कशी, तें ओघानें येईलच.

रात्रीं अकरा वाजतां पाणी पिण्याकरितां आम्ही आंत गेलों. वहिनी भांडीं घांसत होत्या, आमच्या सौ. विसळीत होत्या, दादांच्या सूनबाई सकाळीं कचेरीचें काम असतांही पातेलीं पुसून लावीत होत्या. आणि संधिवातानें बोटें वांकडीं झालेल्या शाहात्तर वर्षांच्या काकू स्टुलावर बसून एक एक वाटी कोरडी करीत होत्या. कोणीच बोलत नव्हतें. बाहेर यंत्राच्या किंमतीचा खल चालला होता, आणि यंत्राचें काम मात्र पुन्हां त्या चौघींच्या हातांत येऊन पडलें होतें. आम्हांस पाहून काकू म्हणाल्या, “मोरी तुंबली म्हणून कुणी वाडा विकतो का रे? पाणी कुठं अडलंय तें तर आधीं बघा!”

भांड्यांच्या यंत्राच्या दुरुस्तीचें बहुतेक शास्त्र या एका वाक्यांत आहे, असें आम्हांस आतां वाटतें. गौरी-विसर्जनानंतर आम्हीं त्याच वाक्यास धरून यंत्र तपासलें. त्या वेळीं जें शिकलों, तें आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावें, म्हणून हा लेख.

एका बाईचें यंत्र

हें यंत्र एका गृहिणीच्या त्राग्यांतून जन्मलें, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत शेल्बीव्हिल या गांवीं राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रन या बाईंच्या घरचीं चिनी मातीचीं जुनीं भांडीं नोकरांच्या हातून धुतांना टवके उडून खराब होत, असें सांगतात. १८८३ सालीं त्यांचे पति वारले; मागें कर्ज उरलें. बाईंनीं खचून न जातां जॉर्ज बटर्स या कारागिराच्या मदतीनें घरामागील लांकडांच्या कोठींत यंत्र उभें केलें आणि २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. ताटें व पेले यांच्या मापाच्या तारांच्या कप्प्यांत भांडीं बसवावयाचीं आणि ब्रशानें न घांसतां त्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा जोराचा मारा करावयाचा, ही त्यांची मुख्य कल्पना. १८९३ सालच्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत तें यंत्र गाजलें. परंतु त्याचें गिऱ्हाईक म्हणजे मोठालीं हॉटेलें. सामान्य घरांत तेवढें गरम पाणीच नसे. त्यामुळें ज्या गृहिणीच्या कामांतून कल्पना निघाली, तिच्या स्वयंपाकघरांत तें यंत्र येण्यास पुढें अर्धें शतक जावें लागलें. १९१३ सालीं बाई वारल्या. आजचें यंत्र विजेवर चालतें, स्वत:चें पाणी स्वत: तापवितें, पण जोराच्या पाण्यानें धुण्याचें तत्त्व तेंच आहे.

यंत्रांत काय चालतें?

दार लागलें कीं आंत काय होतें, हें समजल्यावांचून बिघाड समजणार नाहीं. प्रथम नळाचें पाणी एका विजेच्या झडपेंतून आंत येतें. तें मिठाच्या टाकीजवळील राळेच्या बारीक मण्यांतून गाळून जातें आणि तेथें त्याचा जडपणा कमी होतो. मग तें तळाच्या खोलगट भागांत सांचतें व तापतें. एक पंप तेंच पाणी जोरानें वर फेंकतो. खालच्या व वरच्या जाळीखालीं ज्या भोंकांच्या दांड्या असतात, त्यांतून फवारे उडतात व त्यांच्याच जोरानें त्या दांड्या गरगर फिरतात. भांड्यांवरून ओघळलेलें पाणी तळाच्या गाळणींतून जाऊन पुन्हां वर चढतें. शेवटीं दुसरा लहान पंप सारें मळकट पाणी मोरीच्या नळींत लोटून देतो. असें दोन-तीन वेळां होतें.

एका खेपेस या साऱ्यास साधारण १० ते १५ लिटर पाणी लागतें. नळ मिनिटाला ६ लिटर या बेतानें मोकळा सोडून पाव तास भांडीं धुतलीं, तर ९० लिटर पाणी जातें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे यंत्र उधळें आहे हा समज राहत नाहीं. शिवाय पाणी कार्यक्रमाप्रमाणें ५० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें. इतकें ऊन पाणी हातांस सोसवत नाहीं. कमी विजेच्या कार्यक्रमास तीन तासांहून अधिक वेळ लागतो, तो बिघाड नव्हे. कमी उष्णतेनें तेंच काम साधावयाचें म्हणून तो वेळ अधिक घेतो.

म्हणून यंत्र अडलें कीं स्वत:स तीन प्रश्न विचारावे. पाणी येतें काय? पाणी फिरतें काय? पाणी जातें काय?

त्यापूर्वीं एक सूचना

यंत्राच्या पोटांत हात घालण्यापूर्वीं नुसतें बटण बंद करून भागत नाहीं. प्लग भिंतींतून काढावा आणि नळ बंद करावा. पाणी तापविणाऱ्या कांडीस सुमारें २००० वॅट वीज लागते. २३० व्होल्टच्या हिशेबानें ती जवळजवळ ९ अँपिअर होते. अर्थात् लहान ६ अँपिअरच्या प्लगावर किंवा लांबविलेल्या जोडपट्टीवर हें यंत्र चालविणें धोक्याचें आहे. त्यास १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग व नीट जमिनीशीं जोडलेली तार पाहिजे. यंत्रास हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर दुसरें कांहीं न करतां वायरमनला बोलवावें.

पाणी येतें काय?

यंत्र सुरू होतें, थोडा वेळ गुरगुरतें आणि पाण्याची खूण दाखवून थांबतें, तेव्हां प्रथम नळ पुरा उघडा आहे काय तें पाहावें. हें वाचून कोणी हंसतील; परंतु टाकी धुण्यासाठीं बंद केलेला नळ अर्धाच उघडला गेल्याचें आमच्याच घरीं एकदां घडलें आहे. नंतर नळाच्या नळीचा आटा सोडवून टोंकाची बारीक जाळी पाहावी. गच्चीवरील टाकी साफ झाल्यावर किंवा टँकरचें पाणी आल्यावर तींत रेती व गाळ अडकतो. दांत घांसण्याच्या जुन्या ब्रशानें ती स्वच्छ होते.

गच्चीच्या लगेच खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांची अडचण निराळी. पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. १० मीटर उंचीचा दाब म्हणजे सुमारें १ बार. यंत्रास कमींत कमी ०.३ ते ०.५ बार, म्हणजे तीन ते पांच मीटर उंचीचें पाणी लागतें. टाकी डोक्यावर दोनच मीटर असेल, तर यंत्रांत कांहीं एक दोष नसतां तें पाण्यावांचून तिष्ठत बसतें. पारख सोपी आहे: नळाखालीं बादली ठेवावी, मिनिटांत १० लिटरच्या आंतबाहेर पाणी आलें तर काळजी नाहीं. फारच कमी आलें, तर दाब वाढविणारा लहान पंप बसविणें हाच उपाय.

पाणी फिरतें काय?

भांडीं ओलीं झालीं पण स्वच्छ झालीं नाहींत, तर बहुधा पाणी फिरण्यांत अडथळा असतो. आणि येथें दोष यंत्राचा कमी व आपल्या फोडणीचा अधिक! फवाऱ्याच्या दांडीचीं भोंकें मोहरीच्या मापाचींच असतात. जिरें, मोहरी, कढीपत्त्याचे तुकडे, भाताचीं शितें, चहाची पूड हीं गाळणी तुंबली वा सैल बसली कीं वर चढतात आणि भोंकांत जाऊन बसतात. दांड्या काढून नळाखालीं धराव्या व भोंकें लांकडी दांतकोरणीनें मोकळीं करावीं. सुई वापरल्यास भोंक मोठें होऊन फवारा बिघडतो. यासाठींच भांडीं आंत ठेवण्यापूर्वीं खरकटें निपटून टाकावें. तीं घांसून पुसून ठेवण्याची मात्र गरज नाहीं. पिष्ट व प्रथिनें विरघळविणारीं द्रव्यें यंत्राच्या साबणांत घातलेलीं असतात.

भांडीं रचण्याचीही एक रीत आहे. आपल्याकडील वाट्या एकींत एक बसतात, हा त्यांचा एरवींचा गुण. परंतु यंत्रांत तोच अवगुण ठरतो, कारण आंतल्या वाटीस पाण्याचा थेंबही लागत नाहीं. प्रत्येक भांड्याचें तोंड खालीं व मध्याकडे असावें. परात किंवा मोठें ताट दाराजवळ उभें केल्यास साबणाच्या डबीचें झांकण उघडत नाहीं, आणि साबण जसाच्या तसा राहतो. उलथण्याचा दांडा जाळीखालीं लोंबला तर फवारा फिरत नाहीं. म्हणून दार लावण्यापूर्वीं दोन्हीं दांड्या बोटानें एकदां फिरवून पाहाव्या. ही पांच पळांची तपासणी पुष्कळ तक्रारी वांचविते.

कांहीं भांडीं यंत्रांत घालूंच नयेत. यंत्राचा साबण तीव्र क्षारयुक्त असतो. त्यानें ॲल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, पितळ व तांबें निस्तेज होतें, बिडाच्या तव्याचें तेल निघून त्यास गंज चढतो, आणि लांकडी पोळपाट फुगून चिरतो. आमच्या पितळी डब्यांवर हा प्रयोग एकदां झाला आहे. तो आतां कोणी काढीत नाहीं.

पांढरा थर

पेल्यांवर पांढुरका थर चढतो, तो पाण्याच्या जडपणाचा. ज्या पाण्यांत डाळ लवकर शिजत नाहीं व साबणास फेंस येत नाहीं, त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार येथें भांड्यांवर व तापणाऱ्या कांडीवर बसतात. यंत्रांतील राळेचे मणी ते क्षार धरून ठेवतात; परंतु मण्यांची ती शक्ति कांहीं खेपांनीं संपते व मिठाच्या पाण्यानें ती पुन्हां भरून काढावी लागते. यंत्रांत मीठ घालतात तें यासाठीं. तें जाडें व शुद्ध असावें. जेवणांतील बारीक मिठांत आयोडीन व गुठळ्या न होण्यासाठीं घातलेलीं द्रव्यें असतात. त्यांनीं मण्यांची वाट अडते. अगदीं पहिल्या वेळीं मिठाच्या टाकींत आधीं पाणी भरावें लागतें, हेंही पुष्कळजण विसरतात.

आमच्या घरीं हा थर एका उन्हाळ्यांत एकाएकीं दिसूं लागला. साबण बदलून पाहिला, यंत्रास दोष दिला. शेवटीं सूनबाईंनीं सोसायटीच्या चिटणिसांस विचारलें, तेव्हां कळलें कीं महापालिकेचें खडकवासल्याचें पाणी पुरेनासें झाल्यामुळें चैत्रापासून टाकींत विंधन-विहिरीचें पाणी मिसळण्यांत येत होतें. धरणाच्या पाण्यापेक्षां विहिरीचें पाणी बहुधा जड. आणि यंत्रास मात्र आम्हीं जुन्याच पाण्याचें माप सांगून ठेवलें होतें. पाण्याचा जडपणा रंगानें दाखविणाऱ्या कागदी पट्ट्या बाजारांत मिळतात. त्यांवरून माप वाढविल्यावर पेले पूर्ववत् झाले.

थर क्षाराचा आहे कीं कांचच झिजली आहे, हें ओळखण्याची युक्ति अशी: पेल्यावर लिंबाच्या रसाचे चार थेंब चोळावे. थर निघाला तर तो क्षार. न निघाला तर कांच कायमची झिजली. तीस उपाय नाहीं. यंत्राच्या पोटांत सांचलेला क्षार काढण्यासाठीं महिना-दोन महिन्यांनीं सायट्रिक ॲसिड, ज्यास वाणी लिंबूसत्त्व म्हणतात, तें आंत टाकून भांड्यांवांचून एक गरम कार्यक्रम चालवावा. त्यानें वासही जातो.

खालच्या तळांत पाणी

यंत्र कांहीं न करतां एकसारखें पाणी उपसण्याचा आवाज करीत राहतें, असा एक प्रकार आहे. यंत्राच्या अगदीं बुडाशीं एक उथळ ताटली असते व तींत थर्मोकोलसारखा एक हलका तरंगता तुकडा. कोठेंही गळती होऊन ताटलींत पाणी सांचलें, कीं तुकडा वर उचलला जातो आणि घरांत पूर येऊं नये म्हणून यंत्र काम थांबवून उपसा करीत बसतें. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं यंत्राचा साबण संपला, म्हणून हातानें भांडीं घांसण्याचा पातळ साबण त्यांत ओतला गेला. फेंस मावेना, तो दारांतून बाहेर आला व ताटलींतही उतरला. अशा वेळीं प्लग काढून दोघांनीं यंत्र सांभाळून पुढें कलतें करावें, म्हणजे ताटलींतील पाणी निघून जातें. तें पुन्हां सांचलें तर मात्र फेंसाचा दोष नसून खरी गळती आहे असें समजावें व जाणत्या कारागिरास दाखवावें.

पाणी जातें काय?

आतां आमच्या यंत्राकडे वळूं. पाणी येत होतें, फिरतही होतें. पण जात नव्हतें. अशा वेळीं चार ठिकाणीं पाहावयाचें असतें: गाळणी, बाहेर जाणारी नळी, ती नळी मोरीच्या नळास जेथें मिळते तें तोंड, आणि उपशाचा पंप. यंत्र पुढें ओढून पाहिलें. नळी कोठें मुरडली नव्हती. मोरीखालील तोंडांत चरबीचा थोडा थर होता, तो काढला. तेवढ्यानें काम झालें नाहीं. मग सांचलेलें पाणी वाटीनें व फडक्यानें उपसून सूनबाईंनीं गाळणीस हात घातला.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाळणी बसविल्यावर ती उजवीकडे फिरवून पक्की करावयाची असते, आणि काढतांना उलट फिरविल्यावांचून ती निघत नाहीं. सूनबाईंच्या हातांत ती न फिरवितांच वर आली.

“ही बसवली कुणी?” त्यांनीं विचारलें.

कोणी बोलेना. वहिनी आमच्या सौ.कडे पाहूं लागल्या, सौ. आमच्याकडे पाहूं लागल्या. आठच दिवसांपूर्वीं एका रविवारीं, “त्यांत आहे काय एवढं?” असें म्हणून, चार वर्षांत प्रथमच आणि सर्वांस दिसेल अशा थाटांत, आम्हींच ती गाळणी धुतली होती, आणि परत ठेवतांना ती फिरवावयाची असते हें आम्हांस ठाऊकच नव्हतें. आम्हीं तें कबूल केलें. शिस्तीविषयींचें आमचें वाक्य कोणीं आम्हांस परत ऐकविलें नाहीं. परंतु तें सर्वांस आठवत होतें हें आम्हांस दिसत होतें, आणि त्या मौनापेक्षां चार बोल परवडले असते.

सैल गाळणीखालून जें जाऊं नये तें गेलें होतें. आमच्या यंत्रांत गाळणीच्या खळग्यांत एका बाजूस उपशाच्या पंपाचें लहानसें झांकण आहे. चमच्याच्या दांड्यानें उचकटलें कीं तें निघतें. सर्वच यंत्रांत अशी सोय नसते. ती आहे कीं नाहीं हें पुस्तिकेंत पाहावें. आंत बोट घालण्याची घाई मात्र करूं नये, कारण फुटक्या पेल्याची कपची तेथें असूं शकते. जाड हातमोजा घालावा आणि विजेरीनें नीट पाहावें. विजेरीच्या उजेडांत पंपाच्या पात्यांमध्यें एक काळसर गुळगुळीत वस्तु दिसली. चिमट्यानें ती बाहेर काढली. तो आमटींतला चिंचोका होता!

पातें बोटानें मोकळें फिरूं लागलें. झांकण बसविलें, गाळणी बसविली, आणि या वेळीं फिरवून पक्की केली. प्लग लावून पाणी उपसण्याचें बटण दाबलें. एक घरघर झाली आणि मोरीच्या नळींतून पाणी खळखळत गेलेलें ऐकूं आलें. त्या आवाजानें आमच्या काकूंस जें समाधान झालें, तें वर्णन करून सांगतां येणार नाहीं. जो पंप बदलावयास निघालों होतों, त्यास कांहीं झालें नव्हतें. जें यंत्र मोडींत जाणार होतें, तें एका चिंचोक्यासाठीं जाणार होतें.

आपली मर्यादा

येथवर जें सांगितलें, तें घरांतील कोणाही समजूतदार माणसास जमण्यासारखें आहे. याच्या पुढें जाऊं नये. पाणी मुळींच तापत नसेल, दार लावूनही यंत्र जागें होत नसेल, जळका वास येत असेल किंवा प्लग लावतांच घरची वीज जात असेल, तर तें काम कारागिराचें. परंतु कारागीर आल्यावर “यंत्र बिघडलें” एवढेंच न सांगतां, पाणी येतें, फिरतें, पण जात नाहीं. गाळणी व नळी पाहिली. पंपांत कांहीं अडकलेलें नाहीं, असें सांगतां आलें पाहिजे. ज्या घरीं इतकें पाहिलें जातें, तेथें पंप बदलण्याचा सल्ला कोणी उगीच देत नाहीं.

शेवटची गोष्ट

आतां आमच्या स्वयंपाकघरांत यंत्राच्या बाजूस एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर वहिनींच्या अक्षरांत कामें लिहिलेलीं आहेत: गाळणी आठवड्यास एकदां, दांड्यांचीं भोंकें व दाराचें रबर पंधरवड्यास, मीठ जेव्हां खूण दिसेल तेव्हां, लिंबूसत्त्व दोन महिन्यांस एकदां. प्रत्येक कामासमोर नांव आहे, आणि चारही नांवें पुरुषांचीं आहेत. गाळणीचें काम आमच्याकडे आहे. ही वांटणी काकूंनीं केली व तिच्यावर अपील नाहीं.

यंत्र घरांत आलें म्हणजे बायकांचें काम संपलें, असें आम्ही पुरुष समजत होतों. वास्तविक पाहतां कामाचें स्वरूप तेवढें बदललें होतें: ढीग रचणें, मीठ पाहणें, गाळणी धुणें, बिघडल्यास पुन्हां मोरीशीं उभें राहणें, हें सारें त्यांच्याकडेच होतें, आणि आमच्याकडे केवळ यंत्राविषयीं मत देणें होतें. ज्यास यंत्राची गाळणी कशी बसते हें ठाऊक नाहीं, त्यानें यंत्र वापरणाऱ्यांच्या शिस्तीविषयीं बोलूं नये, एवढा धडा आम्हीं त्या चिंचोक्यापासून घेतला आहे. तो चिंचोका काकूंनीं टाकून दिला नाहीं. खिडकींतील मिठाच्या बरणीशेजारीं एका वाटींत तो ठेवलेला आहे, आणि रविवारीं गाळणी फिरवितांना तो आमच्या नजरेसमोर येतो.